बूस्टर चुकला ते वर्ष

त्या विभागात बायका दोनच होत्या. वयाने मोठी म्हणून एकीला सगळे थोरली म्हणत, मग दुसरी आपोआप धाकटी झाली. नात्यागोत्याचा काही संबंध नव्हता. थोरली उंच, हाडापेराने मजबूत आणि बोलायला कंजूस. धाकटीचं तोंड मात्र सकाळी उघडलं की संध्याकाळी बसमध्ये चढेपर्यंत मिटत नसे.

संस्था गुराढोरांच्या लसी बनवायची. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला बाटल्या धुण्याची शेड, पुढे कार्यालय, कॅन्टीन, मग लसी बनवायच्या लांबलचक खोल्या. सगळ्यात शेवटी, दोन दारांच्या पलीकडे, एक खोली होती. तिच्यावर नावाची पाटी होती, पण तिला सगळे 'आतली खोली'च म्हणत. काळपुळीचं, म्हणजे अँथ्रॅक्सचं, काम तिथे चालायचं. गुरांना टोचायची काळपुळीची लस तयार व्हायची बाहेर, आणि त्या लसीतले जंतू नांगी मोडलेले असायचे. पण तयार झालेली लस खरोखर लागू पडते की नाही, हे पाहायला नांगी शाबूत असलेले जंतूही लागतात. ते आत ठेवलेले. पहिल्या दाराशी अंगावरचे कपडे काढून संस्थेचे घालायचे, तोंडावर मुखवटा, हातात मोज्यांचे दोन जोड. मागचं दार लागल्याशिवाय पुढचं उघडत नसे. आत पंख्याची एकसुरी घरघर, काचेच्या बशा, पोलादी कपाट. फोन लागत नसे. एकदा आत गेलेल्या माणसाला बाहेरून कुणी हाक मारू शकत नसे.

थोरलीला ते फार आवडायचं.

तिच्या माहेरच्या लोकांची समजूत अशी, की ती या कामाला लागली ती मामामुळे. तिच्या लहानपणी शेजारची गाय उभ्या उभ्या कोसळून मेली होती. मामाने त्या गायीचं कातडं काढलं आणि थोड्या दिवसांनी त्याच्या मनगटावर फोड आला. फोड दुखेना. दुखत नाही म्हणून मामाने तो अंगावर काढला. मग मधोमध कोळशासारखं काळं पडलं आणि हात कोपरापर्यंत सुजला. दवाखान्यात वेळेवर नेलं म्हणून मामा वाचला. हे सगळं खरं होतं. पण थोरलीने नोकरी धरली ती संस्थेची बस त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायची म्हणून. शास्त्राची पदवी होती, जाहिरात आली, हिने अर्ज टाकला. मामाची आठवण तिला नोकरी लागल्यावर झाली.

आतल्या खोलीत जाणाऱ्यांना स्वतःला लस टोचून घ्यावी लागे. ही गुरांची नव्हे, माणसांची. रस्त्यावरच्या कुणाला ती टोचत नाहीत, कारण गरजच नसते. ज्यांचा जंतूंशी रोजचा संबंध येतो त्यांनाच ती देतात. आधी ठरावीक अंतराने काही टोचे आणि मग दर वर्षी एक बूस्टर. सुई दंडात गेली की आग आग व्हायची, हात दोन दिवस वर जात नसे, कातडीखाली अर्ध्या लिंबाएवढी गाठ यायची. ती विरघळेपर्यंत थोरली त्या कुशीवर झोपत नसे. बूस्टर नसेल तर आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम साहेबांनाही सुटलेला नव्हता.

टोचायला सिस्टर होत्या. निवृत्तीला टेकलेल्या, शिडशिडीत, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेल्या. टोचण्याआधी त्या प्रश्न विचारत, स्टेशनावर गाड्यांची घोषणा करावी तशा आवाजात. ताप आहे का? कुठल्या औषधाची अंगावर पित्तं उठतात का? मागच्या वेळी काही त्रास? आणि बायकांसाठी एक जास्तीचा: दिवस गेलेत का?

पोटात मूल असताना ही लस शक्यतो देत नाहीत, म्हणून तो प्रश्न. थोरली तो पुरा होऊ देत नसे. "दिवस..." एवढं सिस्टरच्या तोंडातून निघेपर्यंत तिचं "नाही" बाहेर पडलेलं असे.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती. नवरा वायरमन, स्वभावाने गरीब, खिशात कायम पक्कड. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत एकदा तिला दिवस राहिले होते. तिने त्याला त्याच दिवशी सांगितलं, त्याने आईला, आईने सगळ्या गल्लीला. त्याने उत्साहाने खोलीच्या कोपऱ्यात मंद उजेडाचा दिवा जोडला. दुसरा महिना सरायच्या आत सगळं संपलं. मग गल्लीतल्या प्रत्येकीने येऊन तिच्याजवळ बसून उसासा टाकला. तिला दुःख होतं, पण त्या उसाशांनी तिचा जीव अधिक नकोसा केला. त्यानंतर डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि मग कुणी काही ठरवलं नाही तरी तो विषयच घरातून उठला. सासूबाई अधूनमधून म्हणायच्या, "त्या सुयांनीच घात केला असणार." डॉक्टरांनी तसं काही नसतं म्हणून छातीठोकपणे सांगितलं होतं, पण सासूबाईंच्या गळी ते उतरलं नव्हतं.

त्या वर्षी बूस्टरसाठी ती नेहमीसारखी स्टुलावर बसली, बाही वर केली. प्रश्न सुरू झाले. शेवटच्याला तिने सवयीने "नाही" म्हटलंसुद्धा. सिस्टरनी दंडावर ओला कापूस फिरवला. तो गार लागला आणि तिला आठवलं की पाळी चुकली आहे. चुकून बरेच दिवस झाले आहेत. चाळिशी आली, आता असंच मागेपुढे होणार, असं म्हणून तिने ते मनावर घेतलं नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली.

सुई हवेत थांबली. "काय झालं? चक्कर येतेय?"

"नाही. ते शेवटचं... मला नक्की माहीत नाही."

सिस्टरनी तिच्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना या प्रश्नाचं असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. त्यांनी सुईवर टोपण चढवलं, कपाट उघडून तपासणीची पट्टी काढली आणि मोरीकडे बोट दाखवलं.

पट्टीवर दोन रेघा उमटल्या. दुसरी पुसट होती. थोरलीने ती खिडकीशी नेऊन पाहिली, दिव्याखाली पाहिली. मग सिस्टरनी तिच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "बघून बघून ती ठळक होणार नाही. आहे म्हणजे आहे."

थोरली स्टुलावर बसून राहिली. तिला आनंद वगैरे काही झाला नाही. पहिला विचार आला तो गल्लीतल्या उसाशांचा.

"इतक्यात कुणाला सांगायचं नाही," ती म्हणाली.

"घरी?"

"घरीसुद्धा नाही. तीन महिने जाऊ देत."

"मी कशाला सांगते? सध्या टोचता येत नाही, एवढंच मी वर कळवीन. कारण विचारायचा हक्क त्यांना नाही. पण आत जाणं बंद बाई. ते काही माझ्या हातात नाही."

साहेब भिडस्त गृहस्थ. बायकांच्या तब्येतीचा विषय निघाला की त्यांना टेबलावरचे कागद सारखे करायचं सुचे. त्यांनी कागद सारखे केले आणि थोरलीला बाटल्यांवर लेबलं लावायच्या विभागात पाठवलं. आतलं अर्धवट राहिलेलं काम धाकटीकडे आलं.

लेबलांचा विभाग कॅन्टीनला लागून. तिथे दिवसभर चारजणी बाटल्या पुसत, लेबलं चिकटवत आणि गावभरच्या गप्पा मारत. इतकी वर्षं आतल्या खोलीत काढलेली बाई अचानक आपल्यात येऊन का बसली, हा प्रश्न त्यांना पडणं साहजिक होतं. थोरली ताकास तूर लागू देईना. "बदल म्हणून," ती म्हणाली. पण ती टोचायच्या दिवशी गेली आणि न टोचता परत आली, हे सिस्टरच्या खोलीबाहेर रांगेत बसलेल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यातच तिला मळमळायला लागलं. दुपारी डबा उघडला की ती तो लगेच बंद करायची. चेहरा उतरलेला. लोकांनी आपल्या परीने हिशोब जुळवला: हिला आत काहीतरी लागलंय. काळपुळी झालीय आणि संस्था दडपतेय.

आधी कॅन्टीनवाल्याने तिचा कप वेगळा ठेवायला सुरुवात केली. तिला ते कळलं, कारण सगळ्यांच्या कपांना निळी कड होती आणि तिच्या कपाचा कान तुटलेला. मग शेजारची खुर्ची मोकळी राहू लागली. लेबलवाल्यांपैकी एकीने, "माझ्या घरी लहान मूल आहे हो," असं म्हणून जागा बदलली. खरं काय ते थोरलीच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. तिला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर तिला थोडं बरंच वाटलं. लोक घाबरून लांब राहत होते, म्हणजे जवळ येऊन विचारत नव्हते.

एके दुपारी धाकटी कॅन्टीनमध्ये आली. सगळं दृश्य तिने उभ्या उभ्या पाहिलं आणि आपला डबा थोरलीच्या समोर दाणकन आपटला.

"माणसाकडून माणसाला होत नाही हे," ती कुणाकडेही न बघता मोठ्याने म्हणाली. "एवढं तरी ठाऊक असावं इथं पगार घेणाऱ्यांना!"

कॅन्टीनवाला कढईकडे वळला. धाकटीने थोरलीचा तुटक्या कानाचा कप उचलून त्यातला चहा पिऊन टाकला. मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला झालेलं नाहीये, मला माहीत आहे. झालं असतं तर तुम्ही इथे नसता, दवाखान्यात असता. काय आहे ते नका सांगू. पण जेवा काहीतरी."

"पोटात राहत नाही."

धाकटीचा घास तोंडाशी थांबला. तिने एकदा थोरलीकडे पाहिलं आणि त्या दिवशी उरलेला सगळा वेळ ती चक्क गप्प बसली. संस्थेत तेवढ्यावरूनसुद्धा चर्चा झाली.

संस्थेचा स्टोअरकीपर थोरलीच्याच गल्लीत राहायचा. त्याने बायकोला सांगितलं, बायकोने सासूबाईंना. संध्याकाळी थोरली घरात पाऊल ठेवते तोच सासूबाई म्हणाल्या, "दंड दाखव."

तिने दोन्ही दंड दाखवले. दंड साफ होते.

"मग आतून असेल," सासूबाई म्हणाल्या. घाबरून त्या लांब मात्र गेल्या नाहीत. त्यांनी पातेलंभर पाणी उकळून तिचे कपडे त्यात घातले, तिची उशी उन्हात टाकली, आणि दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मुलाला फोन लावला. तो कुठल्याशा नव्या इमारतीत वायरी ओढत होता. आई फोनवर रडतेय, आणि स्टोअरकीपर म्हणतो बायकोला काळपुळी झालीय, तिला आतून काढलंय, एवढंच त्याला कळलं. तो शिडीवरून उतरला तो थेट संस्थेच्या फाटकाशी.

पहारेकऱ्याने निरोप पाठवला. थोरली बाहेर आली. नवरा मोटारसायकलवर तसाच बसलेला, केसांत भिंतीची पांढरी धूळ.

"काय झालंय तुला?"

"काही झालेलं नाही."

"आई म्हणते काळपुळी."

"नाही झाली."

"मग तुला आतून का काढलं? मला फसवू नको. मामांचा हात मी बघितलाय."

"बूस्टर घेतला नाही, म्हणून आत जाता येत नाही."

"का नाही घेतलास?"

थोरलीने फाटकाकडे पाहिलं. पहारेकरी कान टवकारून झाडाच्या पानांकडे बघत होता. तिने आवाज खाली आणला. "सिस्टर दरवर्षी काय विचारतात, तुला सांगितलं होतं बघ मी एकदा. शेवटचा प्रश्न."

त्याला आठवायला वेळ लागला. आठवलं तसा तो मोटारसायकलवरून उतरला, पण स्टँड लावायचं राहिलं. गाडी आडवी झाली. दोघांपैकी कुणीच तिला हात लावला नाही. शेवटी पहारेकऱ्यानेच येऊन ती उभी केली आणि पुन्हा आपल्या झाडाखाली गेला.

"म्हणजे रोग नाही?" नवऱ्याने विचारलं.

"रोग नाही."

तो फुटपाथच्या कडेला खाली बसला. पक्कड खिशातून काढून हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "आणि हे मला स्टोअरकीपरच्या नंतर कळावं?"

"स्टोअरकीपरला कुठे कळलंय? त्याला मी मरणार एवढंच माहीत आहे."

तो हसला. मग हसता हसता त्याने तोंडावर हात धरला आणि तो हात बराच वेळ काढला नाही. थोरली बाजूला उभी राहिली. त्याच्या केसांतली धूळ तिने झटकली, तेवढंच.

सासूबाईंना त्याच संध्याकाळी सांगितलं. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसला. परत आल्या आणि म्हणाल्या, "मग ते कपडे मी उगाचच उकळले. तुझ्या निळ्या ड्रेसचा रंग गेला." या खेपेला त्यांनी गल्लीत कुणाला सांगितलं नाही. स्टोअरकीपरच्या बायकोने विचारलं तेव्हा, "आहे बरी, औषध चालू आहे," असं तोंड पाडून ठोकून दिलं. खोटं बोलण्यात त्या इतक्या पटाईत असतील असं थोरलीला वाटलं नव्हतं.

तिसरा महिना संपत आला असताना लेबलं लावता लावता तिला कळलं की आपल्याला रक्त जातंय. ती उठली आणि कुणाशी न बोलता सिस्टरच्या खोलीत जाऊन आडवी झाली. सिस्टरनी संस्थेची गाडी मागवली, पायांखाली दोन उशा दिल्या आणि स्वतः दवाखान्यापर्यंत बरोबर गेल्या. वाटेत थोरली खिडकीबाहेर दुकानांच्या पाट्या वाचत होती. एकेक पाटी पूर्ण वाचल्याशिवाय ती पुढची वाचत नव्हती. आता संपलं, असं तिने मनाशी धरूनच टाकलं होतं. डॉक्टरीणबाईंनी यंत्र पोटावर फिरवलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. तिथे एक ठिपका धडधडत होता.

"आहे जागेवर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आता पडून राहायचं."

सासूबाई नंतर दवाखान्यात आल्या आणि त्यांनी नमस्कार-चमत्कार न करता डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हिने इतकी वर्षं ज्या सुया घेतल्या, त्यांनी काही बाधणार नाही ना?"

"नाही. आधी घेतलेल्यांचा काही प्रश्न नाही. आता घेतली नाही ती खबरदारी म्हणून."

"आणि आधी मूल राहत नव्हतं ते?"

"त्याचाही संबंध नाही, आजी."

सासूबाईंनी थोरलीकडे पाहिलं आणि नजर वळवली. तो विषय त्यांनी त्यानंतर कधी काढला नाही.

थोरली घरी पडून राहिली. नवरा कामावर जाताना दाराशी उभा राहून "काय?" म्हणायचा, ती "ठीक" म्हणायची. पुन्हा रक्त गेलं नाही. दिवस भरले, मुलगी झाली. काळीसावळी, लांब बोटांची, रडायला लागली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची. संस्थेत बातमी पोचली तेव्हा कॅन्टीनवाला सगळ्यांना सांगत सुटला की आपल्याला पहिल्यापासून संशय होताच.

रजा संपत आली तसा घरात प्रश्न उभा राहिला. सासूबाईंना ती पुन्हा आत जायला नको होती. नवरा म्हणाला, "तू ठरव." थोरलीने ठरवायला चार दिवस घेतले. मामासारखं आपलं होईल अशी भीती तिला कधी वाटली नव्हती, आताही वाटत नव्हती. जिथे दोन दारं आणि दोन जोड मोजे आहेत तिथे उघड्या हातापेक्षा धोका कमी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लेबलं लावायला तिची ना नव्हती. पण ते काम कुणीही केलं असतं. मुलीला सासूबाईंच्या ओटीत देऊन ती बसमध्ये चढली.

सिस्टर तोवर निवृत्त झाल्या होत्या. नव्या पोरसवदा नर्सने सांगितलं की पहिल्यापासून सगळे टोचे घ्यायला नकोत, चुकलेला बूस्टर आता घेतला की झालं. गाठ आली, विरली, आणि थोरली पुन्हा आत गेली.

आत धाकटीने सगळं बदलून ठेवलं होतं. बरण्या उंचीप्रमाणे लावलेल्या, बशांची जागा डावीकडची उजवीकडे. थोरलीचा हात सवयीने जिथे जाई तिथे भलतंच काही सापडे. तिने न बोलता बरण्या पूर्ववत केल्या. दुसऱ्या दिवशी धाकटीने न बोलता त्या पुन्हा उंचीप्रमाणे लावल्या. आठवडाभर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. धाकटीला गप्प राहणं जड गेलं आणि तिनेच माघार घेतली, पण अर्धीच. बशा उजवीकडे राहिल्या.

आणखी एक गोष्ट झाली. थोरली साहेबांकडे गेली आणि म्हणाली, की आतल्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाला, बाई असो की पुरुष, आळीपाळीने काही महिने बाहेर काम द्या. बूस्टर घेतलेला असला तरी द्या. सगळेच बाहेर येतजात राहिले, तर एखादा का बाहेर आला याचा कुणी काथ्याकूट करणार नाही. साहेबांनी कागद सारखे केले. पुरुषांनी कुरकुर केली, लेबलं लावणं त्यांना कमीपणाचं वाटलं. पण साहेब स्वतःच आधी लेबलांना जाऊन बसले. त्यांनी लावलेली लेबलं वाकडी असायची आणि त्या चारजणी ती नंतर गुपचूप काढून सरळ लावायच्या. पुढे ती पद्धतच पडून गेली.

थोरलीची मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमाराला धाकटी एकदा बाहेर आली. बाहेर यायची पाळी तिची नव्हती, तरी आली, आणि लेबलं लावत कॅन्टीनच्या बाजूला बसली. का, ते तिला कुणी विचारलं नाही. थोरलीनेही विचारलं नाही. तिने फक्त तेवढ्या महिन्यांत आतल्या बशा पुन्हा डावीकडे आणून ठेवल्या.